‘इतर’चा रकाना

“विचारायचं, ऐकायचं, लिहायचं. सांगायचं मात्र काहीही नाही, वेणूताई. आपण टपालपेटी आहोत. टपालवाले नव्हे.”

डॉक्टर हळबे हे रोज सकाळी म्हणत. मी कागदांची पिशवी खांद्याला अडकवून जिना उतरायला लागले की वरून त्यांचा आवाज येई आणि मी मान न वळवता “हो डॉक्टर” म्हणे. एकोणीसशे त्र्याहत्तर सालची ही गोष्ट, इचलकरंजीची. डॉक्टर वैद्यकीय कॉलेजात शिकवून निवृत्त झाले होते आणि आयुष्यभर मनात घोळवलेलं काम त्यांनी आता हाती घेतलं होतं. लग्न झालेल्या बायाबापड्यांना, पुरुषांना त्यांच्या कामजीवनाबद्दल विचारायचं आणि जे समोर येईल ते शास्त्राच्या शिस्तीनं मांडायचं. पुरुषांना ते स्वतः विचारत. बायकांना विचारायला बाई हवी होती.

तो अभ्यास पुढे पुरा झाला नाही. त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं, आणि ते तिथेच फुटायला हवं होतं.

माझ्याआधी त्यांनी शिकलेल्या तीन मुली ठेवून पाहिल्या होत्या. हातातली लेखणी आणि कागद बघितला की बायका पदर तोंडाला लावून आत पळत. मी बालवाडीची बाई. यजमान जाऊन सात वर्षं झाली होती. एक वेळ जेवण, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, सोमवारी महादेव आणि कधीही खोटं बोलायचं नाही, हे माझे नेम. त्या वर्षी लक्षवातींचाही संकल्प सोडला होता. डॉक्टरांनी काम सांगितलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “तुमच्या बालवाडीतल्या किती पोरांना आई नाही?”

“चौघांना.”

“त्या चौघींपैकी किती जणींना स्वतःच्या अंगाचं काही ठाऊक होतं?”

मी दुसऱ्या दिवसापासून जायला लागले.

जीभ मात्र वळेना. प्रश्नावलीतले शब्द आले की माझा आवाज बसे. डॉक्टर म्हणाले, “जो शब्द उच्चारताना तुम्ही चाचराल, तिथे ती बाई खोटं बोलेल. घरी सराव करा.” मग मी देवघरात बसून जपमाळेवर ‘शरीरसंबंध’ हा शब्द एकशे आठ वेळा म्हटला. महादेवाची क्षमा मागितली आणि आणखी एक माळ ओढली. हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले. ते हसणं आठवलं की अजून बरं वाटतं.

वातींची युक्ती मात्र आपोआप सापडली. पहिल्याच घरी समोरच्या बाईकडे बघवेना, म्हणून मी पिशवीतला कापूस काढला, बोटांना दुधाचा ओलावा लावला आणि वाती वळत प्रश्न विचारू लागले. माझी मान वातीवर, तिची मान रहाटावर सूत भरायच्या कांडीवर. खाली माग धडधडत होते. त्या आवाजात दोन हातांपलीकडचं ऐकू जात नसे. ती बाई बोलायला लागली आणि थांबेचना. त्यानंतर मी कागद कधी बायकांसमोर काढलाच नाही. सगळं डोक्यात ठेवायचं आणि डॉक्टरांच्या खोलीवर येऊन लिहायचं. पेठेत माझं नाव ‘वातीवाल्या बाई’ पडलं. डॉक्टर म्हणत, “विलायतेत हे कुणाला सुचलं नसतं.”

कागदावर नाव नसे. कोपऱ्यात घराचा आकडा, खाली माणसाचा आकडा. अठ्ठेचाळीस प्रश्न. सगळ्यांत शेवटी, “आणखी काही सांगायचं आहे?” त्याचं उत्तर लिहायचा रकाना होता, ‘इतर’. बायकांचे कागद कपाटाच्या खालच्या खणात, पुरुषांचे वरच्या. वरचा खण मी उघडायचा नाही, हेही ठरलेलं होतं.

निलव्वाचा आकडा त्रेसष्ट होता.

कोष्टी घरातली, अठ्ठाविशीची, ठसठशीत बाई. लग्नाला दहा वर्षं झालेली, मूल नाही. सासू काशव्वा बाजाराला गेली की ती मोकळी होई. रहाट फिरवता फिरवता पहिली तीस उत्तरं तिनं पटापट दिली. एकतिसावा प्रश्न शरीरसंबंधांचा. तो विचारला आणि रहाट मंदावला.

“दर महिन्याला किती वेळा, असं लिवायचं हाय व्हय?”

“हो. अंदाजानं सांगा.”

“एकदाबी न्हाई.”

“या महिन्यात?”

“धा वर्सांत.” तिनं कांडी बदलली. “एका खोलीत निजतो, बाई, पर शेजारी असल्यागत. त्येंचं मन वाईट न्हाई. मारत न्हाईत, दारू न्हाई. जवळ येत्यात, घाम फुटतो, आन मग भिताडाकडं तोंड करून रडत्यात. मी पाठीवरनं हात फिरवते. झालं.”

माझ्या बोटांतली वात उलगडली. पुढचे सोळा प्रश्न मी तसेच विचारले, कारण विचारायचे असं ठरलं होतं. मग शेवटचा आला.

“आणखी काही सांगायचं आहे?”

तिनं रहाट थांबवला.

“सासूनं त्येंचं दुसरं लगीन ठरवलंय. अथणीची पोरगी. मी वांझ, म्हणून. मी बोलले तर सवतीचा जळफळाट म्हंत्यात. तुमी सांगा की, बाई. सासूला सांगा. तुमचं कुणीबी ऐकंल. त्या पोरीचा जल्म तरी वाचंल.”

“सांगेन हं,” मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. रडणाऱ्या पोराला ‘देते हं’ म्हणतो ना आपण, तसं. पण निलव्वानं माझे हात कापसासकट धरले, कपाळाला लावले आणि पुन्हा रहाट फिरवू लागली. माझा खोटं न बोलण्याचा नेम आहे, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“नाही,” ते म्हणाले.

“एक वाक्य, डॉक्टर. फक्त सासूला.”

“एक वाक्य बाहेर गेलं की उद्या पेठेतली एक बाई तोंड उघडणार नाही. बसा. ऐका. जर्मनीत एका डॉक्टरनं हेच काम मांडलं होतं. मोठं ग्रंथालय, हजारो टिपणं. चाळीस वर्षांपूर्वी टोळकी आली आणि भर चौकात त्याची होळी केली. अमेरिकेत प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकानं हजारो माणसांना विचारलं, सगळं खुणांनी लिहिलं, एकाचंही नाव बाहेर जाऊ दिलं नाही. म्हणून माणसं बोलली आणि जगाला पहिल्यांदा काही कळलं. हे शास्त्र विश्वासावर उभं आहे, वेणूताई. एका निलव्वासाठी बोललात, तर पुढच्या हजार निलव्वा गप्प बसतील.”

“पण मी शब्द दिलाय.”

“मला आधी दिलायत.”

ते खरं होतं. नेमाचं मला लहानपणापासून कळतं. जो आधी घेतला, तो मोठा. मी त्रेसष्टचा कागद लिहिला, ‘इतर’मध्ये ‘पतीचे दुसरे लग्न थांबावे अशी इच्छा’ असं नीट अक्षरात घातलं आणि खालचा खण बंद केला.

आठ दिवसांनी सोमवार होता. मी महादेवाच्या देवळात वाती लावत होते. काशव्वा समोर येऊन बसली. साठीची, वाळकी, दिवसभर मागाच्या शेडात राबणारी बाई. वाईट नव्हती ती. मुलगा झाल्यापासून विधवा, त्याच्यावरच जीव.

“बाई, एक विचारू? देवाम्होरं हाय. तुमी खोटं बोलत न्हाईसा.”

“विचारा.”

“तुमी डाक्टरासंगट काम करता. माझ्या सुनंशी बोलला. तिच्यात खोट हाय न्हवं?”

माझ्या हातात पेटलेली वात होती. ‘नाही’ म्हटलं तर डॉक्टरांचा नेम मोडत होता. ‘हो’ म्हटलं तर माझा. मी वात निरांजनात ठेवली आणि म्हणाले, “काशव्वा, मला ते सांगता येत नाही.”

 तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला.

“कळलं वो. तुमी मोठ्या मनाच्या. तोंडानं कुणाचं वंगाळ बोलत न्हाईसा.”

ती उठून गेली. तिला काय कळलं, हे मलाही कळलं होतं. हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. दोन्ही नेम शाबूत राहिले, म्हणून त्या दिवशी मी देवापुढे जास्तीच्या अकरा वाती लावल्या.

महिन्याभरात लग्न झालं. काशव्वा स्वतः येऊन लाडू देऊन गेली. मी ते मुंग्यांना घातले.

दोन वर्षांनी अभ्यासाची दुसरी फेरी सुरू झाली. डॉक्टरांचा हात आता थरथरायचा, पण जिन्यावरचं वाक्य तेच. त्याच घरात नवी सून होती, गंगव्वा, वीस वर्षांची. काशव्वा बाजाराला गेलेली. मी कापूस काढून बसले. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, कुणीतरी कांड्या भरत होतं. अंग इतकं उतरलेलं होतं, की ती निलव्वा आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

गंगव्वा लाजत होती, पण उत्तरं देत होती. मागांच्या आवाजामुळे आम्ही दोघी जवळजवळ ओरडूनच बोलत होतो. एकतिसावा प्रश्न आला. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वीज गेली. साऱ्या पेठेतले माग एका क्षणात थांबले. त्या शांततेत तिचं वाक्य तेवढं मोठ्यानं निघालं.

“एकदाबी झालं न्हाई!”

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. कोपऱ्यातला रहाटही थांबला.

“सांग,” निलव्वा पाठमोरीच म्हणाली. “त्येंला सांगून काय बिगडत न्हाई. त्या कुणाला सांगत न्हाईत.”

“निलव्वा,” मी म्हणाले.

ती वळली. “बाई, एक विचारते. सासू म्हंती, वातीवाल्या बाईंनी देवळात सांगितलं, खोट माझ्यात हाय. तुमी सांगितलं?”

“नाही! मी तसं म्हटलं नव्हतं.”

“मग काय म्हणला?”

“काहीच नाही.”

“तेच वो.”

तिनं उठून दार लोटलं. मग माझ्यासमोर उभी राहून लुगड्याचा काठ जरासा खाली सरकवला. बेंबीच्या खाली तीन रेघा होत्या. बोटभर लांब, जाड, काळपट, कातडी ओढल्यासारख्या.

“ह्या दुसऱ्या लगनाच्या आधी सासू म्हणली, एकदा उपाय करून बगू. खोट कुठं हाय ते कळलंच हाय. देवरशी आला. विळा तापवला. पेठंतल्या चार बायांनी हातपाय धरले. तुमच्या शब्दावर धरले, बाई. न्हाईतर त्यातल्या दोघी माझ्या मैतरणी. तवापासनं हळदीकुंकवाला बोलवत न्हाईत. ओटी भरायची असली की मला आत बसवत्यात.” तिनं काठ वर घेतला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “आता हिला दोन वर्सं झाली. येत्या अवसंला देवरशी परत येतोय.”

गंगव्वा रडत नव्हती. तिनं माझ्या मांडीवरची एक वात उचलली आणि बोटांनी तिचा कापूस सुटा करत बसली.

“बाई,” ती म्हणाली, “त्यो तुमचा शेवटचा प्रश्न असतोय न्हवं? अक्का सांगत हुती. आणखी काय सांगायचं हाय का, म्हणून. मला एवढंच सांगायचं हाय, की मला डागू नका म्हणावं.”

वीज आली. माग सुरू झाले. पुढे कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही.

खोलीवर आले तेव्हा डॉक्टर जेवायला गेले होते. मी खालचा खण उघडून त्रेसष्टचा कागद काढला. मग तीच किल्ली वरच्या खणाला लावली. कोपऱ्यात घराचा आकडा तोच होता, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. निलव्वाचा नवरा मल्लाप्पा, आकडा एकोणतीस. तारीख निलव्वाच्या आठ दिवस आधीची. डॉक्टरांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. एकतिसाव्या प्रश्नापुढे शून्य. आणि शेवटी ‘इतर’मध्ये लिहिलं होतं, ‘दुसरे लग्न नको. आईस कोणीतरी सांगावे. मला सांगवत नाही.’

पायऱ्यांवर डॉक्टरांची काठी वाजली. मी कागद लपवला नाही.

त्यांनी माझ्या हातात काय आहे ते पाहिलं आणि खुर्चीत बसले.

“वरचा खण तुमचा नाही.”

“तुम्हाला दोघांचंही ठाऊक होतं.”

“हो.”

“दोघंही एकच मागत होते. एकाच घरातले. तुम्ही दोन खणांत ठेवलेत.”

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

“त्याला उपाय होता का, डॉक्टर? मल्लाप्पाला?”

“बहुधा होता. पुष्कळांना असतो.” त्यांनी कपाटाकडे पाहिलं. “‘इतर’मध्ये जवळजवळ प्रत्येकानं काहीतरी मागितलंय, वेणूताई. मी रोज वाचतो. त्याचं वर्गीकरण कसं करायचं, ते मला अजून जमलेलं नाही.”

मी त्यांना डागांचं सांगितलं. तीन रेघा, विळा, चार बायका, आणि देवळात मी काय म्हणाले ते. ते ऐकत राहिले. ऐकण्यात त्यांचा हातखंडा होता.

“तुम्ही बोललात, तर हे काम संपलं,” शेवटी ते म्हणाले. “इतक्या जणांनी विश्वासानं दिलेलं वाया जाईल. मी परवानगी देऊ शकत नाही.”

“मी मागत नाहीये.”

दोन्ही कागद मी त्यांच्या त्यांच्या खणात परत ठेवले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. अमावास्या दोन दिवसांवर होती. वातींची करंडी देव्हाऱ्याखाली होती, तिथेच राहू दिली. लाखाला अजून पुष्कळ कमी होत्या. त्या पुढेही पुऱ्या झाल्या नाहीत. हातात कापूस असला की मान खाली जाते, आणि आज मला मान खाली घालायची नव्हती.

डॉक्टरांच्या खोलीवर पिशवी ठेवायला गेले. ते खिडकीशी उभे होते. मी जिना उतरले, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत. वरून आवाज आला नाही.

मल्लाप्पा शेडात मागावर होता. पस्तिशीचा, सडपातळ माणूस, मिशांवर कापसाचे तंतू. मला बघून त्यानं मान हलवली आणि धोट्याकडे बघू लागला. मी त्याच्या कानाशी गेले. तिथे ओरडलं तरी दुसऱ्याला ऐकू जाणार नव्हतं.

“मल्लाप्पा, दोन वर्षांपूर्वी तुम्ही डॉक्टरांना एक काम सांगितलं होतंत. ते राहून गेलं. मी आता ते करायला निघालेय.”

तो माझ्याकडे वळला. “तुमास्नी कुनी...”

“तुम्ही नको म्हणालात, तर तुमचं मी काही सांगणार नाही. पण तुमच्या दोन्ही बायकांत खोट नाही, एवढं मी काशव्वांना सांगणार आहे. देवळात म्हणायचं राहिलं होतं. ते आज म्हणणार आहे.”

धोटा इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे. त्यानं चारदा पाचदा त्याच्याकडेच पाहिलं.

“आई मरंल वो,” तो म्हणाला.

“गंगव्वाला परवा डागणार आहेत.”

“म्हाईत हाय.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “निलीचं वरडणं हितंवर आलं हुतं. माग चालू असताना. तरीबी मी माग बंद केला न्हाई.”

मला आणखी काही विचारायचं नव्हतं. मी शेडातून बाहेर पडले. गल्लीत ऊन उतरलं होतं. बायका दारात कांड्यांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. एकीनं हाक मारली, “वातीवाल्या बाई, आज पिशवी न्हाई व्हय?” मी मान हलवली आणि चालत राहिले.

मागे, साऱ्या पेठेच्या त्या धडधडीत, एक माग थांबल्याचं मला कळलं. मी वळून पाहिलं नाही. कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा चार पावलं मागे वहाणांचा आवाज येत होता. मी जरा हळू चालू लागले, आणि काशव्वाच्या घराच्या दिशेनं वळले.